मुलाखतीचे उत्तर गल्ल्यावर आहे

धाडच्या बाजारपेठेत एखाद्या शिलाईच्या, भांड्यांच्या किंवा फळांच्या दुकानासमोर उभे राहून मालकाला विचारा, "मुलगा काय करतो?" मुलगा बी.कॉम. झालेला असेल किंवा आयटीआय करून आलेला असेल आणि त्याच क्षणी गल्ल्यावर बसून गिऱ्हाईकाला सुटे पैसे मोजून देत असेल, तरी वडिलांचे उत्तर ठरलेले असते. "काही नाही, सध्या घरीच आहे."

हेच वाक्य तो मुलगा मुलाखतीला घेऊन जातो. बुलढाण्याला एखाद्या फायनान्स कंपनीचे बोलावणे येते, जालन्याच्या एखाद्या बियाणे कंपनीत जागा निघते, वाळूज-शेंद्र्याकडच्या एखाद्या कारखान्यात स्टोअरला माणूस हवा असतो. मुलगा गाईड आणतो, स्वतःची ओळख करून देणारे दहा इंग्रजी वाक्ये पाठ करतो, चुलतभावाचे बूट घालतो आणि जातो. समोरचा साहेब विचारतो, "संतापलेल्या गिऱ्हाईकाशी तुमची कधी गाठ पडली होती का? त्या वेळी तुम्ही काय केले, ते सांगा." मुलगा म्हणतो, "सर, मला अनुभव नाही. मी फ्रेशर आहे."

ज्या मुलाने शाळेच्या प्रत्येक सुट्टीत बापाच्या दुकानावर उभे राहून उधारीवाल्यांचे टोमणे, घासाघीस आणि परत आलेला माल झेलला, तो म्हणतो मला अनुभव नाही! ही नम्रता नव्हे. आपल्याच कामाची किंमत घरात न झाल्याचा हा परिणाम आहे आणि त्याचा भुर्दंड आपल्या समाजातील मुले-मुली भरत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे असे प्रश्न येतात कुठून, ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाला वैमानिक निवडायचे होते आणि निवड चुकली तर विमान व माणूस दोन्ही जात. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तेथे नेमके प्रसंग गोळा करण्याची पद्धत तयार झाली. 'चांगला वैमानिक कसा असावा?' असे मोघम न विचारता, अमुक वेळी अमुक माणसाने नेमके काय केले आणि त्यामुळे काय साधले किंवा बिघडले, हे विचारायचे. फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४ मध्ये लेख लिहून मांडली. पुढे १९८२ मध्ये टॉम जान्झ यांनी नोकरीच्या मुलाखतीत असेच मागील वर्तनावरचे प्रश्न विचारून पाहिले आणि नेहमीच्या गप्पावजा मुलाखतीपेक्षा त्यातून माणूस अधिक चांगला कळतो, असे दाखवले. इंग्रजीत याला 'बिहेवियरल इंटरव्ह्यू' म्हणतात, आपण वर्तनाधारित मुलाखत म्हणू. तत्त्व साधे आहे. माणूस उद्या कसा वागेल, याचा अंदाज तो काल कसा वागला यावरून बांधायचा. आडत्या नव्या व्यापाऱ्याला माल देताना दुसरे काय करतो?

हे खूळ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. ठरलेले प्रश्न सर्वांना सारखेच विचारून ठरलेल्या मापाने गुण देणारी मुलाखत किती खरी ठरते, यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला. २०२२ मध्ये पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांच्या अशा संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा निवडीच्या साऱ्या साधनांत अशी बांधीव मुलाखत सर्वात वर आली. वर्तनाचे प्रश्न हे तिचेच एक अंग. ॲमेझॉनसारखी कंपनी तर उमेदवारांना आधीच उघड सांगते की, आम्ही तुमच्या मागील प्रसंगांवर प्रश्न विचारणार. मोठ्यांचे पाहून लहान कंपन्याही तेच उचलतात.

सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' अराजपत्रित, गट 'क' आणि गट 'ड' या पदांच्या मुलाखती बंद केल्या. तेथे लेखी परीक्षाच खरी. बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या सामाईक भरतीत मात्र मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे गुण ८० आणि २० या प्रमाणात धरले जातात, आणि वीस हा आकडा शेवटच्या यादीत वर-खाली करायला पुरेसा आहे. खासगी नोकरीत तर बहुतेक वेळा मुलाखत हीच परीक्षा.

आता आमच्या वाचकांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल, तो आम्हीच विचारतो. "नाव वाचूनच कागद बाजूला टाकतात, मग तयारी करून काय उपयोग?" हा प्रश्न खोटा नाही. आपल्या विदर्भाचेच अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचा निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव जेमतेम एक तृतीयांश होता. दलित नावालाही कमीच होता. म्हणजे पहिला उंबरठा अर्जाचाच आहे आणि तेथे मुलाखतीची तयारी कामी येत नाही. हे लपवून ठेवून तरुणांना नुसते 'मेहनत करा' म्हणणे आम्हाला मान्य नाही.

परंतु त्याच वर्षी त्याच साप्ताहिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचाही एक लेख आला होता. त्यांनी बड्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना बोलते केले. ते सारे गुणवत्तेच्या गोष्टी करीत आणि पाठोपाठ सांगत की, आम्ही उमेदवाराला त्याच्या घराबद्दल जरूर विचारतो. वडील काय करतात, किती शिकलेले आहेत, भावंडे काय करतात, गाव कोणते. त्या उत्तरावरून ते मुलाचे 'संस्कार' ठरवीत. शिंप्याच्या, बागवानाच्या, खाटकाच्या मुलाचा निकाल तेथेच लागायचा.

आमचा मुद्दा इथेच आहे. "वडील काय करतात?" या प्रश्नात आपला मुलगा हरतो. "तू काय केलेस?" या प्रश्नात तो जिंकू शकतो. उंबरठा ओलांडून खुर्चीवर बसल्यानंतर ज्या प्रश्नात आडनाव, मोहल्ला आणि बापाचा धंदा यांना कमीत कमी वाव आहे, तो हा प्रश्न. ज्याच्या घरात नोकरदारी आहे, अशा मुलाजवळ कॉलेजच्या गॅदरिंगखेरीज सांगण्यासारखे प्रसंग फारसे नसतात. दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरात ते रोज घडतात. भांडवल आपल्याजवळ आहे, पण त्याची नोंद वहीत नाही.

काही वडीलधाऱ्यांना वाटते की आपल्याच तोंडाने आपले काम सांगणे म्हणजे बढाई, रिया. त्यांना आम्ही सूरह यूसुफची आठवण करून देतो. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी मिसरच्या बादशहाजवळ कोठारांची जबाबदारी स्वतः मागितली आणि आपण राखणदारही आहोत व जाणकारही, हे सांगितले. सूरह कससमधील मदयनच्या विहिरीचा प्रसंग तर याहून नेमका आहे. धनगरांच्या गर्दीत मागे थांबलेल्या दोन मुलींच्या जनावरांना हजरत मूसा (अ.स.) यांनी पाणी पाजले. पुढे त्यांतील एकीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण कामाला ठेवण्यास चांगला तो, जो ताकदवान आहे आणि अमानतदार आहे. त्या परदेशी माणसाचे घराणे तिला ठाऊक नव्हते. तिने विहिरीवरचे वागणे पाहिले होते. हजरत खदीजा (रजि.) यांनीही आपला माल शामकडे पाठवताना प्रेषित (स.) यांची सचोटी ऐकून घेतली होती, आणि सोबत मैसराला दिले होते.

असो. आता कामाचे बोलू.

समजा, धाडमधील एका वेल्डिंगच्या दुकानातील मुलाला विचारले, "एकाच वेळी अनेक कामे अंगावर आली तेव्हा तुम्ही काय केले?" गाईड वाचलेला मुलगा सांगतो, "सर, मी कामांचा प्राधान्यक्रम ठरवतो, वेळेचे नियोजन करतो, संघभावनेने काम करतो." तीन वाक्ये, तिन्ही पोकळ. साहेबाने सकाळपासून ती दहा वेळा ऐकलेली असतात.

तोच मुलगा असे सांगू शकला असता: "सर, जूनमध्ये पहिला पाऊस होऊन वाफसा झाला, त्या सकाळी आमच्या दुकानावर तीन पेरणी यंत्रे, एक ट्रॉली आणि एका लग्नघराचे गेट अशी पाच कामे आली. वडील जालन्याला लोखंड आणायला गेले होते. दुकानात मी आणि एक कारागीर. मी प्रत्येकाला विचारले की तुमचे काम आज झाले नाही तर काय अडेल? दोन यंत्रांचे फणच निखळले होते, ती आधी घेतली. तिसऱ्याचा सांगाडा मोडला होता. ते आज होणार नाही, हे त्या काकांना सकाळीच सांगितले, म्हणजे त्यांना भावकीतले यंत्र मागून आणता आले. ट्रॉली दुसऱ्या दिवशी दिली. गेटवाल्यांना फोन करून दोन दिवस मागून घेतले. ते नाराज झाले, वडिलांनी नंतर त्यांना दोनशे रुपये सोडले. तेव्हापासून मी जूनमध्ये गेटचे काम घेताना आधीच उशिराची तारीख देतो."

या उत्तरात एकही भारी शब्द नाही. पण काय घडले, जबाबदारी कोणाची होती, मुलाने काय केले आणि शेवटी काय झाले, ही चारही अंगे आहेत. इंग्रजी पुस्तके यालाच चार अक्षरांचे नाव देऊन शिकवतात, त्याचे दडपण घेऊ नये. गेटवाले नाराज झाले ही गोष्ट मुलाने लपवली नाही, म्हणूनच बाकीचे खरे वाटते. सगळेच गोड झाले असे सांगणाऱ्यावर कोणता व्यापारी विश्वास ठेवतो?

अशा प्रसंगांची आपल्याकडे वाण नाही. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात काज-बटण करणारा आजारी पडला आणि तीस जोड अडकले. मनियारच्या दुकानात बांगड्या भरताना माप चुकले आणि लग्नघरच्या बाईने चार लोकांत आवाज चढवला, तेव्हा दुकानातल्या मुलीने काय केले? फळांचे क्रेट उतरवताना खाली सडका माल निघाला, आडत्या फोन उचलेना. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या, त्या आठवड्यात उधारी कोणाला दिली, कोणाला नाही? २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा बिलाचे पुस्तक आणि मोबाईलवरचा हिशेब घरात कोणी शिकून घेतला? २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद असताना माल कसा खपवला? बहुतेक घरांत या शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर 'पोराने' किंवा 'पोरीने' असेच येईल. नवे काही शिकून दुसऱ्याला शिकवण्याचा प्रसंग सांगा, असे जेव्हा साहेब म्हणतो, तेव्हा त्याला हेच हवे असते. अब्बांना क्यूआर कोडवर आलेले पैसे तपासायला शिकवणे हे लहान काम नव्हे. पन्नास वर्षांच्या माणसाला न दुखावता शिकवावे लागते.

एका खोडीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. आपली मुले सगळे 'आम्ही' म्हणून सांगतात. आम्ही माल आणला, आम्ही समजूत काढली. घरच्या धंद्यात हा अदब आहे. बापासमोर 'मी केले' म्हणणे शोभत नाही. (या पानावर आम्हीही 'आम्ही'च लिहितो, पण तो छापखान्याचा रिवाज झाला.) मुलाखतीत मात्र 'आम्ही' म्हटले की साहेबाला कळत नाही की त्यात या मुलाचा हात किती. वडिलांनी केले ते वडिलांच्या नावावर सांगावे, कारागिराने केले ते कारागिराच्या, आणि स्वतः केले तेथे न लाजता 'मी' म्हणावे. यात बढाई नाही आणि चोरीही नाही.

चोरीवरून आठवले. दुसऱ्याचा प्रसंग आपला म्हणून सांगू नये, गाईडमधला तर मुळीच नाही. खोटे बोलणे हराम आहे, हे सांगायला आम्ही लागत नाही, पण व्यवहारातही ते टिकत नाही. अशा मुलाखतीत खरा प्रश्न दुसराच असतो. पहिल्या उत्तरानंतर साहेब विचारतो, किती रुपयांचा माल होता? त्या माणसाचे शब्द काय होते? तुम्ही आधी कोणाला सांगितले? मग? ज्याने प्रसंग भोगला त्याला हे आठवते. ज्याने पाठ केला त्याची जीभ टाळूला चिकटते.

तीच गोष्ट 'तुमची एखादी चूक सांगा' या प्रश्नाची. "मी फार मेहनत करतो हीच माझी चूक" असले उत्तर आता शिळे झाले आहे. उधारी वहीत लिहायची राहिली, माप घेताना इंचाची गफलत झाली, ओळखीच्या माणसाला पावतीशिवाय माल दिला, अशी खरी चूक सांगावी. मग ती कशी भरून काढली आणि त्यानंतर कोणती सवय बदलली, तेही सांगावे. पैशाच्या अफरातफरीची किंवा मारामारीची हकिकत मात्र शहाण्याने घरीच ठेवावी.

भाषेची भीती हा मोठा अडथळा आहे. घरात दखनी उर्दू, बाजारात मराठी, शाळा बहुधा उर्दू माध्यमाची आणि मुलाखत इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत. आमचा सल्ला असा की प्रसंग आधी घरच्या बोलीत सांगावा. तो नीट जमला की मराठीत, आणि मग लहान लहान वाक्यांच्या इंग्रजीत. घडलेली गोष्ट सांगायला अवघड इंग्रजी लागत नाही. आले, सांगितले, दिले, मोजले, परत केले एवढीच क्रियापदे पुरतात. ज्याला इंग्रजीत घोळ होतो त्याने सुरुवातीलाच अदबीने विचारावे की मराठीत किंवा हिंदीत सांगितले तर चालेल का. गप्प बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

व्यापारी बांधवांनो, यात तुमचा वाटा मुलापेक्षा कमी नाही. अर्जात 'अनुभव' या रकान्यापुढे मुले रेघ मारतात. तेथे 'कौटुंबिक व्यवसायात सुट्टीच्या काळात काम' असे, वर्ष घालून, लिहिता येते. दुकानाच्या लेटरहेडवर खऱ्या कामाचे चार ओळींचे पत्र द्या. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी असेल तर तिचा क्रमांक त्यावर घाला. दुसऱ्याच्या दुकानाचा खोटा दाखला मात्र आणू नका. ज्यांनी अजून उद्यम नोंदणी केलेली नाही, त्यांना हे आणखी एक निमित्त. नोंदणीला शुल्क नाही.

"दुकान सोडून पोराने दुसऱ्याची चाकरी का करावी?" असे म्हणणारेही आहेत. ज्याचे दुकान चार भावांना पोसू शकते, त्याने खुशाल म्हणावे. धाडसारख्या ठिकाणी एका शिलाई यंत्रावर किंवा एका हातगाडीवर चार संसार चालत नाहीत, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आणि ज्या मुलाने पाच वर्षे मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये माल कसा मोजतात, कसा लावतात, किती दिवसांत फिरवतात हे पाहिले, तो परत आलाच तर दुकानही वेगळ्या रीतीने चालवील.

शेवटी एक गोष्ट आपल्याच घरातली. तुमच्या दुकानावर पोरगा कामाला ठेवताना तुम्ही काय विचारता? कोणाचा? कोणत्या मोहल्ल्याचा? कोणी पाठवला? बड्या कंपनीचा साहेब जे आपल्या मुलाला विचारतो म्हणून आपल्याला राग येतो, तेच आपण गरिबाच्या मुलाला विचारतो. पुढच्या वेळी दुसरे विचारून पाहा. याआधी कोणाकडे काम केलेस, तेथे सर्वात कठीण दिवस कोणता गेला? हिशेबात कधी पैसे जास्त निघाले होते का, तेव्हा काय केलेस? मालक नसताना गिऱ्हाईक भांडले तेव्हा काय बोललास? तो उत्तर देत असताना तुमचा मुलगा किंवा मुलगी शेजारी बसलेली असू द्या. रात्री ईशानंतर दुकान बंद करताना तेच तीन प्रश्न त्यांनाही विचारा आणि मध्ये न बोलता पुरते ऐकून घ्या. एक वही जवळ ठेवा. उत्तरातला आकडा, तारीख आणि गिऱ्हाईकाचा शब्द तेव्हाच टिपून घ्या, कारण मुलाखतीचे पत्र येते तेव्हा मध्ये फार तर दोन-तीन दिवस असतात आणि तेवढ्यात आठवत काही नाही.